चार सेकंद मागे : गेमवरून आलेल्या मालिकेची पारख

गेल्या वर्षी पदवीच्या शेवटच्या वर्षातील मुलांना मी ‘माध्यमांतर’ या घटकावर वीस गुणांचा प्रकल्प लिहायला सांगितला होता. बहुतेकांनी अपेक्षेप्रमाणे कादंबरी आणि तिच्यावरून निघालेला चित्रपट अशी जोडी घेतली. एका मुलाने मात्र ‘आर्केन’ या ॲनिमेशन मालिकेवर लिहिले. ही मालिका ‘लीग ऑफ लेजंड्स’ या व्हिडिओ गेमवरून केलेली आहे. मी त्याला वीसपैकी आठ गुण दिले आणि समासात शेरा मारला : ‘विषय साहित्याच्या कक्षेबाहेरचा.’ दुसऱ्या दिवशी तो प्रकल्पाची वही घेऊन स्टाफरूममध्ये आला. गुणांबद्दल काहीच बोलला नाही. एवढेच विचारले, “सर, तुम्ही ही मालिका पाहिली आहे का?”

पाहिली नव्हती. न वाचलेल्या पुस्तकावर मत देणाऱ्या विद्यार्थ्याला मी वर्गात जे सुनावतो, ते मला त्या क्षणी आठवले. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत मी दोन्ही पर्वांचे अठरा भाग पाहिले, काही प्रसंग पुन्हा पाहिले आणि मूळ गेम कसा खेळतात हे त्या मुलाकडूनच समजून घेतले. गेमवरून आलेल्या मालिकेचे मूल्यमापन कोणत्या कसोटीवर करायचे, या प्रश्नाचा त्यातून जो विचार झाला तो येथे मांडतो. कथानकाचा शेवट सांगितल्यावाचून हे विवेचन करता येत नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

मूळ कृती कोणती?

‘लीग ऑफ लेजंड्स’ हा गेम अमेरिकेतील रायट गेम्स या कंपनीने २००९ साली आणला. पाच-पाच खेळाडूंचे दोन संघ समोरासमोर येतात. प्रत्येक खेळाडू एक योद्धा निवडतो आणि शत्रूच्या तळाचा मुख्य गाभा जो संघ आधी फोडील तो जिंकतो. आज या गेममध्ये दीडशेहून अधिक योद्धे आहेत. प्रत्येकाचा पोशाख, शस्त्र, ठरावीक शक्ती आणि खेळताना ऐकू येणारी थोडी वाक्ये ठरलेली आहेत. जोडीला लहानशी पूर्वकथाही असते. पण खेळाच्या मैदानात ती कथा पुढे सरकत नाही. योद्धा मेला तर काही काळाने आपल्या तळावर पुन्हा जिवंत होतो, आणि डाव संपला की दुसरा डाव अगदी पहिल्यापासून सुरू होतो.

म्हणजे कादंबरीच्या माध्यमांतरात जे गृहीत असते, ती आदि-मध्य-अंत असलेली मूळ कथाच येथे नाही. पात्रे आहेत, जग आहे, नियम आहेत. पण घडून गेलेले असे काही नाही. ‘आर्केन’चे कर्ते ख्रिश्चन लिंके आणि ॲलेक्स यी यांच्यापुढे हा पेच होता. पॅरिसच्या फोर्टिश या स्टुडिओने ॲनिमेशन केले. पहिले पर्व नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि दुसरे नोव्हेंबर २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आले.

इमानदारीची कसोटी

माझ्या विद्यार्थ्याने प्रकल्पात एक तक्ता केला होता. एका रकान्यात गेममधील गोष्टी, दुसऱ्यात मालिकेतील. जेथे दोन्ही जुळतात तेथे बरोबरची खूण. खुणा जास्त, म्हणून मालिका उत्तम, असा त्याचा निष्कर्ष होता. मी त्याला नापास करायला हवे होते ते या निष्कर्षासाठी. विषयासाठी नव्हे.

मुळाशी इमान राखणे ही कसोटी आपल्याकडेही फार काळ पुरलेली नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ लिहिले. त्या नाटकाची पारख करताना मुळातल्या किती गोष्टी शिल्लक राहिल्या याची मोजदाद आपण करत नाही. संशयाने पोखरलेला माणूस मराठी रंगमंचावर उभा राहिला की नाही, हे पाहतो. गेमच्या बाबतीत तर मोजण्यासारखी मूळ कथाच अपुरी असते.

याहून जवळचे उदाहरण आमच्याकडच्या जत्रांत होणाऱ्या दशावतारी काल्याचे आहे. वेशभूषा आणि प्रवेशाची रीत यांवरून पात्र ओळखू येते. आख्यान साधारण ठाऊक असते. संवाद मात्र लिहिलेले नसतात. ते नटाने रंगमंचावर उभे राहून रचायचे. प्रेक्षक नटाला दाद देतो ती मुकुट बरोबर बांधल्याबद्दल नसते. ओळखीच्या पात्राच्या तोंडून आज काय निघाले, यावर ती ठरते. गेममधील योद्धाही असाच वेशाने ओळखला जातो आणि त्याला बोलते करणे हे मालिकेचे काम असते. मग पारख करताना तीन प्रश्न विचारता येतात.

पहिला प्रश्न : पात्राला भूतकाळ मिळाला का?

गेममध्ये जिंक्स नावाची योद्धा २०१३ साली आली. निळ्या लांब वेण्या, हातात रॉकेट, स्फोट घडवून खिदळणारी मुलगी. खेळाडूला ती आवडते कारण तिला कशाचेच सोयरसुतक नाही.

मालिकेत ती पावडर या नावाने भेटते. पिल्टओव्हर हे श्रीमंत नगर आणि त्याच्या खालचा धुराने भरलेला भाग, जो पुढे झॉन म्हणून ओळखला जातो, यांच्यातील दंगलीत तिचे आईवडील मारले जातात. व्हँडर नावाचा खानावळवाला तिला आणि तिची मोठी बहीण व्हाय हिला सांभाळतो. पावडर स्वतः बॉम्ब बनवते, ते फुसके निघतात. बरोबरचा एक मुलगा तिला सारखा ‘जिंक्स’ म्हणून हिणवतो. मराठीत याला नेमका शब्दप्रयोग आहे : पांढऱ्या पायाची. ज्या घरात हा शब्द एखाद्या मुलीला लागला, तेथे तो किती वर्षे टिकतो हे आपल्याला सांगायला नको. तिसऱ्या भागात पावडर घरच्यांना वाचवायला जाते. या वेळी बॉम्ब फुटतो आणि आपलीच माणसे मरतात. संतापाच्या भरात व्हाय तिला मारते आणि तोच शब्द तिच्या तोंडावर फेकते. ज्या एका तोंडातून तो यायला नको होता, त्याच तोंडातून तो येतो. पुढे शत्रूकडचा सिल्को त्या मुलीला जवळ घेतो आणि ती ते दूषण नाव म्हणून धारण करते.

गेम खेळणाऱ्याला पावडरची जिंक्स होणार हे पहिल्यापासून माहीत असते. कीर्तनात आख्यानाचा शेवट माहीत असूनही श्रोता बसून राहतो, तसेच हे आहे. काय होणार ही उत्सुकता संपली की कसे झाले याकडे लक्ष जाते. गेमने दिलेले नाव मालिकेने बदललेले नाही. त्या नावामागची जखम दाखवली आहे. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी.

दुसरा प्रश्न : घडलेले पुसता येते का?

गेममध्ये मरण म्हणजे थोडा वेळ थांबणे. कथेत मरण म्हणजे उरलेल्यांनी ते सोबत घेऊन जगणे. गेमवरून कथा करताना सर्वांत अवघड पायरी हीच असावी, कारण खेळाडूच्या हातातली ‘पुन्हा सुरू’ करण्याची सोय काढून घ्यावी लागते.

पहिले पर्व ही सोय निष्ठुरपणे काढून घेते. नवव्या भागात जिंक्सच्या हातून सिल्को मरतो, जो तिला बापाच्या जागी होता. त्याच वेळी पिल्टओव्हरचे मंडळ झॉनला स्वातंत्र्य द्यायला होकार देत असते आणि जिंक्सने सोडलेले रॉकेट त्या खिडकीकडे जात असते. पर्व येथेच थांबते. एक क्षण आधी सगळे वाचू शकले असते आणि आता काहीच वाचणार नाही, ही जाणीव शोकांतिकेची आहे. वर्गात शोकांतिका शिकवताना आपण जे समजावून सांगतो, ते येथे समोर दिसते.

तिसरा प्रश्न : खेळाच्या नियमाला अर्थ मिळाला का?

ही कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती फक्त गेमवरून आलेल्या कृतीलाच लावता येते. गेममध्ये एको नावाचा योद्धा आहे. त्याची मोठी शक्ती म्हणजे चार सेकंद मागे जाणे : चार सेकंदांपूर्वी जेथे उभा होता तेथे तो परततो. खेळाडू ती डावपेच म्हणून वापरतो.

मालिकेत एको हा पावडरचा बालमित्र. पहिल्या पर्वाच्या सातव्या भागात दोघांची पुलावर लढाई होते. मधूनमधून त्यांचे लहानपणचे रंगाच्या गोळ्यांचे लुटुपुटीचे युद्ध दिसते. ती कुठे नेम धरील हे त्याला पाठ आहे, म्हणून तो जिंकत जातो. पण समोर पावडर दिसताच त्याचा हात थांबतो.

दुसऱ्या पर्वात एको एका वेगळ्या जगात पोहोचतो. तेथे पावडर कधीच जिंक्स झालेली नाही. त्या जगात तो काळ मागे नेणारे यंत्र तयार करतो आणि त्याची मर्यादा असते चार सेकंदांची. परत आल्यावर तो ते वापरतो कशासाठी? जीव द्यायला निघालेल्या जिंक्सला थांबवण्यासाठी. तो बोलतो, ती ऐकत नाही. तो चार सेकंद मागे जातो, पुन्हा बोलतो. तिची आयुष्यभराची हानी भरून काढायला चार सेकंद पुरत नाहीत. फक्त पुढचे वाक्य वेगळे बोलून पाहायला पुरतात. गेममधला नियम आकड्यासकट तसाच ठेवून मालिकेने त्यातून माणसाच्या हतबलतेविषयी आणि चिकाटीविषयी काही सांगितले. केवळ गेम पाहून हे सुचले नसते आणि गेमशिवाय हे घडलेही नसते.

दृश्यभाषा

मालिका शब्दांइतकीच रंगरेषांतून बोलते. त्रिमितीतील आकृत्यांवर हाताने रंगवल्यासारखा पोत आहे. धूर आणि स्फोट द्विमितीत रेखाटलेले आहेत. जिंक्सचे मन बिघडते तेव्हा चित्रचौकटीवरच खडूने गिरगटल्यासारख्या भडक रेघा उमटतात, मेलेल्यांचे चेहरे खरवडले जातात. कादंबरीत ज्यासाठी आत्मसंवाद लागला असता ते काम या रेघा करतात. २०२२ साली या मालिकेला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशन कार्यक्रमाचा प्राइमटाइम एमी पुरस्कार मिळाला. पण आपले मत पुरस्कारावर ठरवू नये.

जेथे मालिका उणी पडते

याच कसोट्या दुसऱ्या पर्वाला लावल्या की त्याचे दोष दिसतात. मेलेला व्हँडर वॉरविक या लांडग्यासारख्या प्राण्याच्या रूपात परत येतो. गेममध्ये वॉरविक हा योद्धा आहे, म्हणून त्याला कुठेतरी बसवणे आले. त्या पुनरागमनात हृद्य प्रसंग आहेत. पण तिसऱ्या भागातील मरणाची किंमत त्यामुळे कमी होते. तळावर पुन्हा जिवंत होणारा योद्धा येथे मागच्या दाराने आत आला आहे.

दुसरा दोष अधिक गंभीर वाटतो. वरचे नगर आणि खालची वस्ती यांच्यातील अन्यायाचा प्रश्न पहिल्या पर्वाने उभा केला होता. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी बाहेरचे आक्रमण येते, दोन्ही बाजू एकत्र लढतात आणि झॉनच्या एका प्रतिनिधीला मंडळात खुर्ची मिळते. प्रश्न सुटत नाही, बाजूला सरतो. ‘दोन संघ, एक मैदान’ या खेळाच्या साच्याने येथे कथेवर मात केली.

तुलनेसाठी दोन टोके सांगता येतील. १९८२ साली अमेरिकेत ‘पॅक-मॅन’ गेमवरून मुलांची मालिका निघाली. तिने गोल तोंडाच्या आकृतीला घर-कुटुंब दिले, पण तिच्या मरण्या-जगण्याला अर्थ दिला नाही. उलट २०२२ ची ‘सायबरपंक : एजरनर्स’ ही दहा भागांची जपानी मालिका गेममधील शहर घेते, नायक नवा आणते आणि त्याचे मरण पक्के ठेवते. वरील तिन्ही प्रश्नांना ती चांगली उतरते.

त्या मुलाला मी पुन्हा बोलावले. समासातला माझा शेरा त्याच्यासमोर खोडला आणि शेजारी लिहिले : ‘विषय योग्य. निकष अपुरा.’ तक्ता बाजूला ठेवून एकाच प्रसंगावर पुन्हा लिही, असे सांगितले. त्याने एकोचे चार सेकंद घेतले. त्या लेखनाला मी चौदा गुण दिले. शुद्धलेखनाचे दोन कापले, तेही त्याला दाखवून. चूक माझी होती आणि ती सुधारायला मला चार सेकंदांहून बराच जास्त वेळ मिळाला, हे माझे भाग्य.

अभ्यासासाठी प्रश्न

१. तुम्हाला माहीत असलेल्या एका गेमचा असा नियम निवडा, ज्याला कथेत अर्थ देता येईल. तो प्रसंग दीडशे शब्दांत लिहा.

२. ‘पांढऱ्या पायाची’, ‘अवदसा’, ‘अपशकुनी’ या शब्दांच्या छटा सांगा. जिंक्स या नावासाठी तुम्ही कोणता वापराल आणि का?

३. दशावतारी नटाचे उत्स्फूर्त संवाद आणि गेमवरून लिहिलेली पटकथा यांत साम्य कोणते आणि भेद कोणता?

४. तुम्ही स्वतः न पाहिलेल्या किंवा न वाचलेल्या एखाद्या कृतीबद्दल पूर्वी दिलेले मत आठवा. ती कृती आता पाहा किंवा वाचा आणि त्या मताचे काय होते ते लिहा.