नवोदित कबड्डीपटूची पारख

'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. क्रीडाक्षेत्रात तर तिचा वापर फारच सढळ हाताने होतो. नव्या खेळाडूने पहिले दोन सामने गाजवले, की 'हा पुढे नाव काढणार' असे भाकीत ठरलेलेच. आणि त्याच दोन सामन्यांत तो पडला, की 'याच्यात दम नाही' हा शेराही ठरलेलाच. ही म्हण खेळाच्या बाबतीत कितपत खरी, हे प्रस्तुत लेखात कबड्डीच्या आधाराने तपासून पाहण्याचा माझा विचार आहे. कबड्डी हा आपल्या भिवंडी तालुक्याच्या अंगणातला खेळ. शिवाय मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी असल्यामुळे, संख्याशास्त्राच्या तासाला शिकलेल्या एक-दोन गोष्टी मैदानावर लावून पाहाव्यात, असेही मनात होते.

दोन खेळाडू, दोन आरंभ

२०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि मातीतला हा खेळ मॅटवर, दूरदर्शन संचासमोर आणि लिलावाच्या बोलीवर आला. प्रत्येक हंगामात नवी पोरे उतरू लागली आणि पहिल्या आठवड्यापासूनच त्यांच्या किमतीची चर्चा होऊ लागली.

पहिले उदाहरण आपल्या महाराष्ट्राचे. कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड भागातून आलेला सिद्धार्थ देसाई २०१८ च्या सहाव्या हंगामात यू मुंबा संघातून प्रथमच या स्पर्धेत खेळला. उंचापुरा, ताकदवान, बचावपटूंना अंगावर घेऊन मध्यरेषेपर्यंत ओढत आणणारा हा चढाईपटू आरंभापासूनच डोळ्यांत भरला. त्या एका हंगामात त्याने चढाईचे २१८ गुण मिळवले. पुढच्या वर्षीच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपये मोजले आणि त्या हंगामातही त्याचे चढाईचे गुण २१७ झाले. येथे म्हण खरी ठरली.

दुसरे उदाहरण हरियाणाच्या प्रदीप नरवालचे. २०१५ च्या दुसऱ्या हंगामात बंगळुरू बुल्स संघाने त्याला सहा सामन्यांत उतरवले. गुण किती? अवघे नऊ. त्या वेळी कोणी पाळण्यात डोकावून पाहिले असते, तर पायांऐवजी पांघरूणच दिसले असते! पुढच्याच हंगामात, २०१६ च्या आरंभी, तो पाटणा पायरेट्सकडे गेला आणि त्याने चढाईचे ११६ गुण घेतले. २०१७ च्या पाचव्या हंगामात हाच आकडा ३६९ वर गेला. कारकीर्द संपली तेव्हा त्याच्या नावावर चढाईचे १८०० हून अधिक गुण होते. सहा सामन्यांवरून त्याचा निकाल लावणाऱ्याने या खेळातला एक श्रेष्ठ चढाईपटू गमावला असता.

दोन्ही खेळाडू खरे, दोन्ही आरंभही खरे. मग पहिल्या सामन्यांवरून नेमके कळते तरी काय?

चिठ्ठ्यांचा प्रयोग

कोणताही वाचक घरी करू शकेल असा एक प्रयोग सांगतो. दहा चिठ्ठ्या घ्याव्यात. चारांवर 'गुण' लिहावे, सहा कोऱ्या ठेवाव्यात. ही झाली दर दहा चढायांत चार वेळा यशस्वी होणाऱ्या चढाईपटूची कुवत. आता डोळे मिटून एक चिठ्ठी काढावी, नोंद करावी, परत टाकावी. सामन्याला दहा चढाया धरल्या तर तीन सामन्यांच्या तीस चढाया होतात. अपेक्षित यश बारा वेळा. पण प्रयोग पुन्हा पुन्हा केला तर कधी सात येतील, कधी सतरा येतील. सातवाल्याला आपण 'पडेल' म्हणतो आणि सतरावाल्याला खांद्यावर घेतो. वस्तुतः डब्यातल्या चिठ्ठ्या त्याच असतात.

हाच प्रयोग दोनशे चढायांपर्यंत, म्हणजे सुमारे एका पूर्ण हंगामापर्यंत नेला, तर यशाचे आकडे बहुतेक वेळा ६६ ते ९४ यांच्या दरम्यान राहतात. शेकडेवारीत सांगायचे तर तीस चढायांत २३ ते ५७ टक्के असा लांबरुंद पट्टा मिळतो, दोनशे चढायांत तोच ३३ ते ४७ टक्क्यांवर आवळतो. नमुना जितका लहान, तितका योगायोगाचा वाटा मोठा, हा संख्याशास्त्राचा पहिला धडा.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. समजा, दोन खेळाडू आहेत. एकाची खरी कुवत ४५ टक्के, दुसऱ्याची ३५. फरक लहान नाही. तरीही दोघांच्या तीस-तीस चढाया पाहिल्या, तर साधारण चारांतून एकदा कमी कुवतीचा खेळाडू पुढे किंवा बरोबरीत दिसतो. म्हणजे केवळ गुणांच्या तक्त्यावर बोट ठेवून निवड करणारा माणूस अगदी प्रामाणिक असला, तरी अशा चार निवडींपैकी एका वेळी तो फसतो किंवा गोंधळतो. ही चूक आकड्यांच्या तोकडेपणाची आहे.

इतर खेळांची साक्ष

क्रिकेटचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. कसोटी पदार्पणातच शतक ठोकणारा पहिला भारतीय म्हणजे लाला अमरनाथ. १९३३ साली मुंबईत त्यांनी ११८ धावा केल्या. त्यानंतर दीपक शोधन (१९५२), कृपाल सिंग (१९५५), अब्बास अली बेग (१९५९) आणि हनुमंत सिंग (१९६४) यांनी तोच पराक्रम केला. आश्चर्य असे की, या पाचांपैकी एकालाही कसोटीत दुसरे शतक करता आले नाही. लोक याला शाप म्हणत. पण एखाद्याची अत्युत्कृष्ट खेळी आपण मुद्दाम निवडून काढली, की त्यापुढच्या खेळी तिच्याहून उण्या पडणे हेच स्वाभाविक असते. शोधन यांच्या वाट्याला तर पुढे फक्त दोनच कसोटी सामने आले. त्यांची सरासरी साठाच्या वर राहूनही कारकीर्द तीन सामन्यांत आटोपली. तेव्हा पुढे यश न मिळण्यात संधीचाही हात असतो, हे विसरता येत नाही.

ही साखळी तोडली गुंडाप्पा विश्वनाथने. १९६९ साली कानपूरला पहिल्या डावात तो शून्यावर बाद झाला, दुसऱ्या डावात त्याने १३७ धावा केल्या आणि पुढे आणखी तेरा शतके झळकावली. पहिल्याच डावावर निकाल दिला असता तर?

सातासमुद्रापलीकडे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्येही हेच दिसते. कोबी ब्रायंट १९९६-९७ च्या पहिल्या हंगामात सामन्यामागे सरासरी ७.६ गुण मिळवत होता. आकडा किरकोळ वाटतो. पण अठरा वर्षांच्या त्या मुलाला मैदानावर मिळत होती सरासरी जेमतेम पंधरा मिनिटे. कारकिर्दीत त्याने ३३ हजारांहून अधिक गुण केले. उलट मायकेल कार्टर-विल्यम्सने ३० ऑक्टोबर २०१३ रोजी पहिल्याच सामन्यात गतविजेत्या मायामी हीटविरुद्ध २२ गुण केले, १२ वेळा सहकाऱ्यांना गुण मिळवून दिले आणि ९ वेळा चेंडू हिरावून घेतला. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित तोच ठरला. पण २०१५ च्या फेब्रुवारीत त्याच्याच संघाने त्याला सोडले आणि पुढे तो या संघातून त्या संघात फिरत राहिला.

मग पाहावे काय?

यावर कोणी म्हणेल, 'मग पारख करूच नये की काय?' तसे मुळीच नाही. पारख करावी, मात्र गुणांचा तक्ता बाजूला ठेवून चार गोष्टी पाहाव्यात, असे मला वाटते.

पहिली गोष्ट, संधी. खेळाडूने गुण किती केले याआधी चढाया किती केल्या, हे मोजावे. शेवटच्या पाच मिनिटांत दोनदा पाठवलेल्या मुलाची आणि संघाच्या मुख्य चढाईपटूची तुलना एका तराजूत होत नाही.

दुसरी, गुणांची जात. समोर सहा किंवा सात बचावपटू असताना बोनस रेषा ओलांडून मिळवलेला गुण आणि दोन रिकाम्या चढायांनंतरच्या 'करा वा मरा' चढाईत गडी मारून आणलेला गुण कागदावर सारखेच दिसतात. दुसऱ्यामागे मनाचा खंबीरपणा असतो. बचावपटूचेही तसेच. यशस्वी पकडींबरोबर फसलेल्या पकडीही लिहून ठेवाव्यात. घाईने पुढे झेप घेऊन गुण देणारा कोपरारक्षक एखाद्या सामन्यात नायक ठरेल. हंगामभर तो संघाला महागच पडेल.

तिसरी, ओळख. नव्या खेळाडूचा मोठा फायदा असा की, त्याला कोणी ओळखत नसते. तो कोणत्या पायावर वळतो, हात टाकताना खांदा कोठे झुकतो, हे प्रतिस्पर्ध्याला ठाऊक नसते. चार-पाच सामने झाले की चित्रफिती पाहून कोपरारक्षक त्याची वाट ओळखू लागतात. म्हणून त्याच संघाशी दुसऱ्यांदा गाठ पडते, तो सामना पहिल्यापेक्षा अधिक शिकवून जातो. पकडला गेलेला मुलगा पुढच्या वेळी काही नवे घेऊन येतो का, हे तेथे दिसते.

चौथी, सवयी. पदन्यास, दम, निदानरेषा ओलांडतानाचे भान, गुण मिळत नसेल तर सुखरूप परत येण्याचा शहाणपणा, साखळीत सहकाऱ्याचा हात न सोडण्याची शिस्त, या गोष्टी नशिबावर फारशा अवलंबून नसतात. त्या प्रत्येक चढाईत, प्रत्येक बचावात दिसतात. म्हणून थोड्या सामन्यांतही त्यांचा अंदाज बांधता येतो. आपल्या गावातला जाणता मागवाला नव्या कामगाराने पहिल्या दिवशी किती मीटर कापड काढले एवढ्यावर मत बनवत नाही. माग जुना असेल, सूत कच्चे असेल, हे त्याला माहीत असते. धागा तुटल्यावर पोरगा किती लवकर पाहतो आणि गाठ कशी मारतो, इकडे त्याचे लक्ष असते. मैदानावरही हीच नजर हवी.

आपल्यापुरते

हा विचार लाखोंच्या लिलावापुरता नाही. व्यावसायिक संघाचा अंदाज चुकला तर त्याचे पैसे जातात. पुढच्या लिलावात तो दुसरा खेळाडू घेतो. आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. महाविद्यालयाच्या किंवा मंडळाच्या निवड चाचणीत एखादा मुलगा रात्रपाळी करून, डोळ्यांवरची झोप झटकून येतो. एका दुपारी त्याच्या तीन चढाया फसतात आणि यादीतून नाव कटते. त्याला दुसरा लिलाव नसतो. घरचे म्हणतात, 'झाले ना खेळून? आता कामाला लाग.' आणि तो लागतो. त्याच्या डब्यात किती चिठ्ठ्या होत्या, हे मग कोणालाच कळत नाही.

म्हणून निवड करणाऱ्या ज्येष्ठांना आणि माझ्या खेळाडू मित्रांना माझी नम्र सूचना अशी आहे : चाचणी एका दिवसात उरकू नये, ती निदान तीन-चार वेगवेगळ्या दिवशी व्हावी, प्रत्येकाला सारख्या चढाया मिळाव्यात, गुणांबरोबर प्रयत्न आणि सवयी यांचीही नोंद वहीत व्हावी, आणि पहिल्या यादीत नाव नसलेल्यांना महिन्याभराने पुन्हा बोलवावे. याला खर्च काही नाही, थोडा वेळ लागतो इतकेच.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, हे मी नाकारत नाही. पण ते पाहायला पाळण्याशी थोडा वेळ बसावे लागते.