चाळीसच्या भिंगावरचं तेल

एखाद्या नव्या प्रयोगशाळेत गेले की तिथल्या मायक्रोस्कोपचं चाळीसचं ऑब्जेक्टिव्ह मी आधी काढून बघते. शंभरचं नाही. शंभरचं ऑइल इमर्शनचंच असतं, त्याला तेल लागलेलं दिसलं तर नवल नाही. चाळीसचं कोरडं वापरायचं असतं. ते लख्ख असेल तर इथे मुलांना कुणीतरी शेजारी बसून शिकवलंय असं बेलाशक समजावं. फार कमी ठिकाणी तसं आढळतं.

तेल तिथे पोचतं ते असं. साध्या मायक्रोस्कोपच्या नोजपीसवर चार, दहा, चाळीस, शंभर असा क्रम असतो. स्लाइडवर तेलाचा थेंब टाकून शंभरखाली पेशी बघितल्या आणि ‘जरा मोठा भाग बघू’ म्हणून नोजपीस मागे फिरवला, की चाळीस थेट त्या थेंबातून जातं. त्याचं टोक कव्हरस्लिपच्या जेमतेम अर्धा मिलिमीटर वर असतं, थेंब त्याहून उंच. म्हणून शंभरवरून निघायचं तर पुढे फिरवायचं. शंभरनंतर चार येतं, आणि चारचं भिंग स्लाइडपासून इतकं लांब असतं की तेल त्याच्यापर्यंत पोचत नाही. चाळीसवर जायचंच असेल तर आधी स्लाइड पुसायची. मी शिकवायला घेतलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी बाकी सगळं राहू देऊन एवढंच करायला लावते.

तेलाचा थर बसलेल्या भिंगातून काहीच दिसत नाही असं नसतं. दिसतं, पण धुक्यातून दिसावं तसं. कडा विरघळतात, काळं असायला हवं ते राखाडी होतं. मग मुलं दिवा वाढवतात, एक्स्पोजर वाढवतात, संगणकावर कॉन्ट्रास्ट ओढतात. पुढच्या वर्षीची मुलं त्याच भिंगावर शिकतात आणि पेशी अशाच दिसतात असं धरून चालतात. यंत्र बंद पडलं तर तासाभरात तक्रार येते. रोज थोडं थोडं मंदावलं तर कुणी येत नाही, आणि त्या चित्रांचे आलेख मात्र बनत राहतात.

असा एक आलेख पोस्टरवर छापून जायच्या बेतात होता. मी सांभाळते तो मायक्रोस्कोप विभाग अनेक गटांचा सामायिक आहे. त्यातल्या एका गटातल्या विद्यार्थिनीने औषध न दिलेल्या पेशींची चित्रं हिवाळ्यात घेतली होती आणि औषध दिलेल्यांची पावसाळ्यात. दुसऱ्या संचात तिच्या प्रथिनाची हिरवी चमक बरीच उतरलेली. औषधाने प्रथिन घटतं, असा सरळ निष्कर्ष. गाइडही खूश होते. माझ्याकडे ती फक्त स्केल बार टाकून घ्यायला आली होती.

मला खटकला तो निळा रंग. पेशीची केंद्रकं दिसावीत म्हणून तिने डॅपी वापरलं होतं. डॅपी डीएनएला चिकटतं. औषधाने एखादं प्रथिन कमी होईल, पण पेशीतला डीएनए इतका कसा घटेल? निळी चमक जवळपास हिरवीइतकीच उतरली होती. मी म्हटलं, “अगं, तुझं औषध पेशींवर चाललंय की दिव्यावर?” ती हसली नाही, आणि ते बरोबरच होतं. मग दोन्ही प्रकारच्या पेशी एकाच दिवशी रंगवल्या आणि एकाच बैठकीत, एकाच एक्स्पोजरवर पाहिल्या. फरक नावालाच उरला. दिव्याच्या पेटीवरचा तासांचा आकडा तोवर केव्हाच मर्यादेपलीकडे गेला होता, आणि चाळीसच्या भिंगावर सुकलेल्या तेलाची साय होती.

शंभर वॅटचा मर्क्युरी दिवा साधारण २०० ते ३०० तास चालतो. त्यानंतर तो विझत नाही, अंधूक होतो, लपलपतो, आणि काच फुटण्याचा धोका वाढत जातो. फुटला तर आतला पारा खोलीत येतो. अशा वेळी काचा गोळा करत बसू नये. सगळ्यांनी बाहेर पडावं, दार लावावं, खोलीला बाहेरची हवा मिळेल असं बघावं. दिवा लावला की निदान अर्धा तास बंद करू नये, आणि बंद केला की पूर्ण थंड होईपर्यंत पुन्हा लावू नये. नवा बसवताना काचेला उघडं बोट लागू देऊ नये, कारण बोटाचं तेल त्या उष्णतेत काचेत भाजून बसतं आणि काच तिथेच तडकते. एलईडी आल्यापासून यातल्या बऱ्याच कटकटी संपल्या. पण जुने मायक्रोस्कोप आणि त्यांचे मर्क्युरी दिवे आपल्याकडे अजून चिक्कार आहेत.

त्या प्रकरणानंतर दोन नियम केले. तुलना करायच्या स्लाइड एकाच बैठकीत बघायच्या, त्याही आलटून पालटून, म्हणजे दिवा मधेच उतरला तर दोन्ही बाजूंना सारखा उतरेल. दुसरा नियम दर सोमवारचा. चमकणाऱ्या प्लॅस्टिकची एक स्लाइड बाजारात मिळते. ती ठरलेल्या भिंगाखाली, ठरलेल्या एक्स्पोजरवर ठेवायची आणि चित्राच्या मधल्या भागाची सरासरी चमक भिंतीवरच्या कागदावर लिहायची. हा आकडा घसरायला लागला की डोळ्यांना कळण्याच्या कितीतरी आधी कळतं. सर्व्हिस इंजिनिअर आला की त्याच्या हातात तोच कागद द्यावा. ‘क्लिअर दिसत नाही’ या तक्रारीवर तो चहा पिऊन जातो. घसरत्या आकड्यांवर त्याला उत्तर द्यावं लागतं.

भिंग खराब आहे का, हे बघायला महागडं काही लागत नाही. मायक्रोस्कोपची आयपीस काढायची, उलटी धरायची, तिचं वरचं तोंड ऑब्जेक्टिव्हच्या टोकाजवळ न्यायचं आणि दुसऱ्या बाजूने डोळा लावायचा. उत्तम लुप होतो. खिडकीचा उजेड तिरपा पडू द्यावा. मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या त्या काचेवर मग काय काय दिसतं! सुकलेल्या तेलाची पिवळी कडा, बोटाच्या ठशाच्या रेघा, कापसाचा तंतू, मीठ सुकून झालेले चौकोनी कण. आणि पावसाळ्यानंतर कधीकधी काठापासून मधे सरकणारे, फाटे फुटलेले, पांढरे बारीक धागे. ती बुरशी.

आपल्याकडच्या मायक्रोस्कोपचा खरा शत्रू हाच. मुंबईत आणि कोकणात जूनपासून महिनोन्‌महिने हवेतली आर्द्रता ऐंशीच्या घरात असते, पुण्यातही फार सुटका नसते. सत्तरच्या वर बुरशीला भिंगावरच्या बोटाच्या ठशाइतकं खाणंही पुरतं. ती नुसती बसून राहत नाही. तिच्यातून पाझरणारी आम्लं भिंगाचं कोटिंग आणि पुढे काचही कुरतडतात, आणि मग धागे पुसले तरी खुणा जात नाहीत. बाहेरच्या काचेवर असेल तर पुसता येते. आतल्या काचांवर असेल तर ऑब्जेक्टिव्ह उघडायचा मोह आवरावा, ते कंपनीकडे पाठवावं आणि तोवर बाकीच्या भिंगांपासून दूर ठेवावं.

एसी असला म्हणजे झालं, असं नाही. दिवसा थंडगार केलेल्या खोलीचा एसी संध्याकाळी बंद केला, की बाहेरची दमट हवा आत येते आणि थंड धातूवर, काचेवर दव धरतं. सलग सुट्ट्या आल्या की वीज वाचवायचं परिपत्रक हमखास निघतं; त्यातून मायक्रोस्कोपची खोली लेखी वगळून घ्यावी. डिह्युमिडिफायर असेल तर उत्तम, आर्द्रता पन्नासच्या आसपास राहिली की काळजी नाही. नसेल तर ऑब्जेक्टिव्ह काढून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावीत. निळी सिलिका जेल गुलाबी झाली म्हणजे ती ओलावा पिऊन संपली. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास ठेवली की पुन्हा निळी होते. वर्षानुवर्षं गुलाबी पुरचुंडी सांभाळणाऱ्या प्रयोगशाळा कितीतरी आहेत. शाळा-कॉलेजांत मायक्रोस्कोपच्या लाकडी कपाटात चाळीस वॅटचा बल्ब लावून ठेवायची जुनी पद्धत होती, आणि ती चांगली होती. आता त्या होल्डरमध्ये एलईडी बसवतात. कपाट रात्रभर उजळलेलं असतं आणि आत ऊब कणभर नसते.

पुसण्याबद्दल मी जरा कडक आहे. रुमाल, ओढणी, टिश्यू पेपर, ॲप्रनचं टोक, यांतलं काहीही भिंगाला लागता कामा नये. आधी रबरी फुग्याच्या ब्लोअरने धूळ उडवायची, कारण धुळीचा कण काचेवरून घासत नेला की चरा पडतो. तोंडाने फुंकरही नको, थुंकीचे तुषार जातात. मग लेन्स पेपरच्या घडीने तेल नुसतं टिपून घ्यायचं. मग पेपरवर, भिंगावर नव्हे, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब घेऊन मधून कडेकडे हलक्या हाताने गोल फिरवायचं. प्रत्येक वेळी पेपरचा नवा भाग. झायलीनची बाटली जुन्या प्रयोगशाळांत अजून मायक्रोस्कोपशेजारी उभी असते, ती आधी हलवावी. काचा एकमेकींना ज्या सिमेंटने जोडलेल्या असतात ते झायलीनने सुटतं. सीडरवुड तेलाची बाटलीही टाकून द्यावी, ते भिंगावर वाळून घट्ट होतं. आणि दोन कंपन्यांची तेलं एकाच भिंगावर मिसळू नयेत, गढूळ होतात.

“मॅडम, चाळीसवर फोकसच येत नाहीये,” अशी हाक आली की मी आधी ओरडते, “हात काढ!” मग स्लाइड बघते. निम्म्या वेळा ती उलटी ठेवलेली असते. या भिंगांची घडण ०.१७ मिलिमीटर जाडीच्या कव्हरस्लिपमधून बघायला केलेली असते, आणि मधे मिलिमीटरभर जाड स्लाइड आली की फोकस मिळणं शक्यच नसतं. तो शोधत मूल चाक फिरवत राहतं आणि भिंग काचेवर जाऊन टेकतं. कव्हरस्लिप घेतानाही डब्यावरचा नंबर वाचावा. १.५ म्हणजे ०.१७ मिलिमीटर. नुसता १ नंबर त्याहून पातळ असतो, आणि कॉलेजांत स्वस्त म्हणून बहुधा तोच येतो.

चित्र घेतल्यानंतरची हेळसांडही कमी नाही. बारा बिटच्या कॅमेऱ्याला ४०९५ च्या वरचा आकडा माहीत नाही. चमक तिथे टेकली की त्यापुढचं सगळं एकसारखं पांढरं, आणि दोन पेशींतला फरक कायमचा गेला. म्हणून हिस्टोग्राम बघून एक्स्पोजर ठरवावं. मूळ फाइल मायक्रोस्कोपच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये ठेवावी, तिला हात लावू नये, काटछाट तिच्या प्रतीवर करावी. जेपेग फक्त व्हॉट्सॲपवर गाइडना दाखवायला. नावात तारीख, भिंग आणि नमुना हवा. ‘इमेज १’, ‘फायनल’, ‘फायनल खरं’ अशा नावांच्या ढिगातून वर्षभराने एकच चित्र दोन ठिकाणी चिकटवलं जातं. एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २०,६२१ शोधनिबंध तपासले, तेव्हा ३.८ टक्के निबंधांत अशी पुन्हा वापरलेली, संशयास्पद चित्रं सापडली. त्यांतली निदान निम्मी मुद्दाम केल्यासारखी दिसत होती. राहिलेल्यांतली बरीचशी गबाळेपणाचीच असावीत असा माझा कयास आहे, आणि त्या गबाळेपणावर उपाय आहे.

आता लॉगबुक. आमच्या लॉगबुकात ‘यंत्राची स्थिती’ असा रकाना होता आणि त्यात पानंच्या पानं ‘ओके’ लिहिलेलं असायचं. कारण साधं होतं. भिंग खराब केलेलं सापडलं तर त्या गटाला दंड होता, त्यामुळे खराब केलेलं कुणालाच कधी सापडत नसे. मी समितीपुढे जाऊन तो दंड काढून टाकायला लावला. दोन प्राध्यापकांनी जोरदार विरोध केला, शिस्त राहणार नाही म्हणाले. रकान्याचं नावही बदललं. आता तिथे ‘कोणत्या भिंगाला काय लागलं’ असं आहे. ताजं तेल दोन मिनिटांत निघतं, सुकलेल्याशी अर्धा दिवस झटावं लागतं, हे मुलांना ठाऊक असतंच. फक्त सांगायची सोय हवी होती. पहिल्या पावसाळ्यात त्या रकान्यात इतकं तेल, इतकं मीठ आणि इतके मीडियाचे डाग नोंदले गेले, की विरोध करणाऱ्यांपैकी एका प्राध्यापकांनी मला बोलावून विचारलं, “मुलं अचानक इतकी निष्काळजी कशी झाली?”