कललावस्थेतील पेशींचे दिशाभान व परस्परबंध : गर्भशारीराचा एक अभ्यास

प्रस्तावना

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पहिल्या मासातील गर्भास ‘कलल’ म्हटले आहे. चरकसंहितेतही या मासात गर्भाचे अवयव स्पष्ट झालेले नसतात असा अभिप्राय आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या रूपापुरते हे वर्णन यथार्थ आहे. तथापि त्यावरून ‘पहिल्या महिन्यात विशेष काही घडत नाही’ असा जो समज रुग्णांत, आणि कधी कधी आपल्या व्यवसायातही, आढळतो तो मात्र घातक आहे. अवयव दिसण्यापूर्वी प्रत्येक पेशीला आपली वरची बाजू कोणती, खालची कोणती आणि शेजारी कोण, हे ठरवावे लागते. प्रस्तुत लेखात आपण ही प्रक्रिया समजून घेऊ आणि औषधयोजनेशी तिचा संबंध पाहू.

१. पेशीची सुलट व उलट बाजू

शरीराचा पृष्ठभाग झाकणाऱ्या आणि पोकळ्यांना अस्तर देणाऱ्या पेशीसमूहास अभिस्तर ऊती म्हणतात. भिवंडीकरांना कापडाचा दृष्टांत सहज पटावा. कापडाला सुलट व उलट बाजू असते आणि दोन्हींचे रूप वेगळे असते. त्याचप्रमाणे अभिस्तर पेशीची शिखरबाजू पोकळीकडे वा बाहेर, तर तळबाजू आधारपटलाकडे असते. आतड्याच्या पेशीने शिखरबाजूने अन्नरस शोषावा आणि तळबाजूने रक्ताकडे सोपवावा, हे या भेदामुळेच शक्य होते. यास पेशीची ध्रुवीयता म्हणतात.

ही ध्रुवीयता प्रथिनांच्या दोन गटांतील विरोधातून टिकते. पार-३, पार-६ व एपीकेसी ही प्रथिने शिखरबाजूस, तर एलजीएल, स्क्रिबल व डीएलजी ही पार्श्व व तळबाजूस राहतात. एपीकेसी हे एलजीएलला फॉस्फेट जोडून शिखराकडील पटलावरून दूर सारते. उलटपक्षी एलजीएल शिखरगटाला खाली पसरू देत नाही. दोघांच्या सीमारेषेजवळ पेशींचे महत्त्वाचे सांधे बांधले जातात.

२. सांध्यांचे प्रकार

पृष्ठवंशीय प्राण्यांत शिखराजवळचा घट्ट सांधा दोन पेशींमधील फट बुजवतो. त्याच्या खाली चिकट सांधा असतो. त्यात ई-कॅडहेरिन हे प्रथिन शेजारच्या पेशीवरील आपल्याच जातीच्या प्रथिनाला धरते आणि आतील बाजूस ॲक्टिन तंतूंशी जोडलेले असते. डेस्मोसोम हे बळकट टाके होत, तर हेमिडेस्मोसोम पेशीला खालच्या आधारपटलाशी जखडून ठेवतात.

कॅडहेरिन कुलातील प्रथिनांचा शोध जपानमधील मासातोशी ताकेइची यांच्या संशोधनातून लागला. त्यांची पकड कॅल्शियमवर अवलंबून असते. यावरून ‘प्रवाळ किंवा शंखभस्म दिल्यास गर्भाचे सांधे दृढ होतील’ असे अनुमान काढणे मात्र सयुक्तिक नाही. रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण शरीर स्वतःच काटेकोरपणे राखते. प्रयोगशाळेतील बशीत घडणारी गोष्ट मात्रेने गर्भाशयात घडवता येत नाही.

३. पहिल्या २८ दिवसांतील क्रम

फलनानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सुमारे ८ ते १६ पेशींच्या अवस्थेत, सुट्या गोलाकार पेशी एकमेकींना घट्ट बिलगतात. बाहेरच्या पेशींना येथे प्रथमच बाहेरची व आतली बाजू प्राप्त होते. बाहेरच्या थरातून पुढे अपरेचा भाग तयार होतो, तर आतील पेशींतून गर्भशरीर. मानव, गाय व उंदीर या तिघांच्याही गर्भांत हा पहिला निर्णय पार-एपीकेसी गटाच्या ध्रुवीयतेपासून सुरू होतो, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. घट्ट सांधे बांधले गेल्यामुळेच आत शिरलेला द्रव टिकतो आणि पाचव्या दिवसाच्या सुमारास पोकळी असलेला गर्भगोल सिद्ध होतो.

तिसऱ्या आठवड्यात काही अभिस्तर पेशी सांधे सोडून आत उतरतात व मधला थर निर्माण करतात. म्हणजे योग्य वेळी बंध सोडणे हेही विकासास तितकेच आवश्यक आहे. त्यानंतर पाठीकडील पेशींचा पत्रा दुमडून मज्जानलिका होते. निवडक पेशींचे शिखराकडील ॲक्टिन-मायोसिन तंतू पिशवीच्या नाडीप्रमाणे आवळले जातात, त्या पाचरीच्या आकाराच्या होतात आणि पत्रा वळतो. सांधे पक्के असले तरच हा ताण पेशीकडून पेशीकडे पोहोचतो. ही नलिका फलनानंतर सुमारे २८ व्या दिवसापर्यंत बंद होते. ती खाली उघडी राहिल्यास मेरुदंडाचा द्विभाग, वर राहिल्यास मस्तिष्काचा अभाव असे गंभीर व्यंग उद्भवते.

४. मुंबईतील संशोधन

या विषयावर आपल्याजवळच, मुंबईत कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, डॉ. महेंद्र सोनवणे यांच्या गटाने महत्त्वाचे कार्य केले आहे. झेब्राफिश या लहान माशाचा गर्भ पारदर्शक असल्याने त्याच्या त्वचेची जडणघडण जिवंतपणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. जर्मनीतील ट्युबिंगेन येथे असताना त्यांनी सहकाऱ्यांसह २००५ मध्ये दाखवले, की ‘पेनर’ या उत्परिवर्तनात एलजीएल-२ निकामी झाल्यास त्वचेच्या तळपेशींत हेमिडेस्मोसोम बनत नाहीत आणि पेशींच्या वाढीचे नियमनही बिघडते.

मुंबईच्या गटाने २०२० मध्ये पुढील प्रश्न हाताळला : त्वचेच्या दोन थरांपैकी दिशा कोण कोणास सांगतो? वरचा थर आधी तयार होतो व त्यात एपीकेसीमुळे ध्रुवीयता येते. ई-कॅडहेरिन ती टप्प्याटप्प्याने खालच्या थरास पोहोचवते, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. सांधा केवळ पेशींना जोडत नाही, तर संदेशही वाहून नेतो, हा यातील विशेष होय.

५. सप्तत्वचांचा विचार

सुश्रुताचार्यांनी गर्भात त्वचा कशा निर्माण होतात हे सांगताना तापत्या दुधावर धरणाऱ्या सायीचा दृष्टांत दिला असून अवभासिनीपासून मांसधरेपर्यंत सात त्वचा वर्णिल्या आहेत. चरकांनी सहा सांगितल्या. सूक्ष्मदर्शकाने दिसणाऱ्या थरांशी त्यांची एकास एक जुळणी करण्याचा आग्रह आम्ही धरत नाही. तथापि त्वचा ही पाकक्रियेतून थराथराने सिद्ध होते, हा विचार अभ्यासकास आजही मार्गदर्शक वाटेल.

६. चिकित्सालय व औषधालय यांसाठी

मज्जानलिका बंद होण्याचा २८ वा दिवस म्हणजे, नियमित पाळी असलेल्या स्त्रीच्या बाबतीत, पाळी चुकल्यापासून सुमारे दोन आठवडे. अनेक स्त्रिया तोवर वैद्यांकडे आलेल्याही नसतात. म्हणून :

(अ) प्रजननक्षम वयाच्या प्रत्येक स्त्रीस, तक्रार कोणतीही असो, शेवटच्या पाळीची तारीख विचारून नोंदवावी. गर्भाची शक्यता असल्यास शोधनकर्म व रसौषधी टाळावीत.

(आ) गर्भधारणेपूर्वी किमान एक महिना ते बाराव्या आठवड्यापर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घ्यावे, हा सर्वमान्य सल्ला आहे. ब्रिटनच्या पुढाकाराने अनेक देशांत झालेल्या १९९१ च्या चाचणीत, आधी असे अपत्य झालेल्या मातांना ४ मिलिग्रॅम मात्रा दिल्यावर व्यंगाची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटली. अशा मातांना गर्भधारणेपूर्वीच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवावे.

(इ) मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन चिठ्ठीविना देऊ नये. अपस्मारावर व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या स्त्रीने ते परस्पर बंद करू नये. तिला तत्काळ तज्ज्ञांकडे पाठवावे.

उपसंहार

कलल निराकार दिसते, परंतु निष्क्रिय नसते. गर्भिणी परिचर्येचा आरंभ गर्भ व्यक्त झाल्यावर नव्हे, तर गर्भधारणेच्या इच्छेपासूनच व्हावयास हवा. शेवटच्या पाळीविषयीचा एक प्रश्न विचारण्यास अर्धे मिनिट लागते. आपल्या केसपेपरवर आणि औषधालयाच्या काउंटरवर त्याला कायमची जागा मिळावी, एवढीच आमची वैद्यबंधू-भगिनींना व औषधविक्रेत्यांना विनंती आहे.