स्किपने मान का हलवली

मेलबर्न, रविवार रात्र

चि. भाचेबुवांस,

काल फोनवर तू सव्वा तास बोललास, त्यातला तासभर स्किपला, म्हणजे तुमच्या कप्तानाला, शिव्या घालण्यात गेला. मी मध्ये मध्ये ‘हं’ म्हणत होतो, कारण रागावलेल्या माणसाला त्या वेळी काही सांगण्यात अर्थ नसतो. तो राग मी ओळखतो, अकरा वर्षांपूर्वीचा माझा स्वतःचाच आहे. आज उतरला असेल असं धरून लिहितो. पत्र अशासाठी, की फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तुझी तक्रार थोडक्यात अशी. शनिवारचा लॉन बोल्सचा पेनंट सामना, तू थर्ड, म्हणजे चौघांतला तिसरा. तुमचे दोन बोल जॅकच्या, त्या निशाणाच्या छोट्या चेंडूच्या, सगळ्यांत जवळ, म्हणजे तुम्ही दोनने वर. स्किप जॅकच्या मागे दीड मीटरवर उभा राहून बुटाच्या टोकाने जागा दाखवत होता, ‘इथे टाक’. तू मात्र फोरहँडने सुरेख वळवून बोल जॅकपासून सहा इंचांवर आणून ठेवलास. दोनाचे तीन झाले. बाजूच्या रिंकवर, म्हणजे शेजारच्या पट्टीवर, खेळणाऱ्यांनीही टाळ्या वाजवल्या आणि स्किपने नुसती मान हलवली. मग समोरच्या संघाच्या स्किपने ड्राइव्ह, म्हणजे जोरदार सरळ बोल, मारला, जॅक मागे उडून त्यांच्याच तीन बोलांच्या घोळक्यात जाऊन बसला आणि तीन गुण त्यांच्या खात्यात गेले. ‘त्यांचं नशीब!’ असं तू चार वेळा म्हणालास.

नशीब नव्हतं रे. ते तीन बोल तिथे कसे आले? त्यांच्या लीडचा, म्हणजे पहिल्या खेळाडूचा, एक लांब गेला असेल, मान्य. पण उरलेले दोन त्यांच्या सेकंडने आणि थर्डने मुद्दाम तिथे ठेवले होते. तुम्ही जॅकभोवती घर बांधत होतात आणि ते लोक जॅक पळून जिथे जाणार तिथे आधीच सतरंजी अंथरून बसले होते.

या खेळातली एक गोष्ट इतकी सरळ आहे की कोणी ती सांगायच्या भानगडीत पडत नाही. सगळे बोल एकाच बाजूने येतात. म्हणून जॅकला धक्का लागला की तो बहुतेक वेळा मागेच सरकतो, कधी तिरका, पण पुढे टाकणाऱ्याच्या मॅटकडे जवळजवळ कधीच नाही. म्हणजे जॅकच्या मागचा बोल हा उद्याचा बोल आहे. जॅकच्या अलीकडे तीन-चार फुटांवर थांबलेला बोल आजही कामाचा नाही आणि उद्याही नाही, वर तो आपल्याच स्किपच्या वाटेत बसतो. अगदी जॅकच्या तोंडाशी, वीतभर अलीकडे असलेल्या बोलचं तेवढं वेगळं. मागून धक्का देऊन तो पुढे सारता येतो. बाकी आखूड टाकण्याची सवय सोड. तुझ्या पहिल्या हंगामात तू ‘निदान लांब तरी गेला नाही’ म्हणायचास. लांब गेलेला परवडला!

आणि तुझ्या त्या सहा इंचवाल्या देखण्या बोलने काय केलं, तेही बघ. जॅकभोवती दोन बोल होते तेव्हा ड्राइव्ह मारणाऱ्याला निशाण लहान होतं. तू तिसरा त्यांना खेटून ठेवलास आणि निशाण रुंद करून दिलंस. तिघांपैकी कुठल्याही एकाला लागलं तरी जॅक हलणारच होता. तो माणूस ड्राइव्ह मारणारा आहे हे तुमच्या स्किपला ठाऊक होतं. म्हणून त्याला मागे एक बोल हवा होता, तोही कुठेतरी मागे नव्हे, त्यांच्या त्या तिघांना चिकटून. मग जॅक तिकडे गेला असता तरी तुमचा एक तिथे असता आणि तिनाऐवजी एखादाच गेला असता. कदाचित तोही तुम्हालाच मिळाला असता.

तुझी आई आणि मी दादरच्या चाळीत कॅरमच्या डबल्स खेळायचो तेव्हा हाच प्रकार. मी सोंगट्या घेण्यात पटाईत. ती घ्यायची कमी आणि समोरच्याची सोंगटी भोकाच्या तोंडाशी अडवून ठेवायची जास्त. मी तिच्यावर चिडायचो, की हातची सोंगटी सोडलीस! गणपतीतल्या स्पर्धेत बक्षीस मिळालं त्या वर्षी माझ्या सोंगट्या नेहमीपेक्षा कमीच होत्या. हे तिला सांगू नकोस, अजून ऐकवते.

आता चौघांचं काम. लीडबद्दल फार लिहीत नाही, तो मॅट टाकतो, जॅक लोटतो आणि एकाच हाताने, म्हणजे एकाच बाजूच्या वळणाने, दोन्ही बोल जॅकपाशी आणतो, एवढं झालं की त्याने गप्प बसावं. सेकंडचं काम लोकांना दिसत नाही. लीडचं साधलं असेल तर त्याला मागे आधार द्यायचा आणि फसलं असेल तर दुरुस्त करायचं. थर्डचे दोन बोल पडेपर्यंत निम्म्याहून जास्त हेड, म्हणजे जॅकभोवतीची बोलांची मांडणी, उभं राहिलेलं असतं, आणि मग येते तुझ्या जागेची खरी गंमत. स्किप मॅटकडे चालायला लागतो, तू हेडकडे येतोस, वाटेत तुमची गाठ पडते. तिथून पुढे हेड तुझ्या ताब्यात. २५-३० मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला हेड जे दिसतं ते तुझ्या डोळ्यांनी.

इथे माझी फजिती सांगतो. शेवटचा एंड, म्हणजे शेवटची फेरी, आम्ही एका गुणाने पुढे. मी थर्ड. जॅकच्या डाव्या अंगाला माझा बोल, उजव्या अंगाला त्यांचा. मी हेडवर पोचलो, उभ्या उभ्या पाहिलं आणि छातीवर हात मारून स्किपला ओरडून सांगितलं, ‘आपला एक!’ बोल माझा होता ना, मला तो जवळचाच दिसला. स्किपने माझ्यावर विश्वास ठेवून पुढे अडसर टाकला, म्हणजे असलेला गुण राखायला वाटेत बोल उभा केला. दुसराही तसाच. सगळं संपल्यावर मी आणि समोरचा थर्ड गुडघ्यावर बसलो, मोजायची दोरी ओढली. त्याच्या बोलवर दोरी टेकली. माझ्या बोलवर टेकेना. बोटाच्या नखाएवढी फट होती. मागे त्यांचाच आणखी एक होता, तोही माझ्यापेक्षा जवळ. दोन गुण त्यांचे, सामना गेला. स्किपला खरं कळलं असतं तर हातात दोन बोल होते, नुसता ड्रॉ करून, म्हणजे बोल अलगद जॅकपाशी आणून, त्याने तो गुण काढला असता. त्या दिवशी चहाच्या टेबलावर मी नेलेल्या चिवड्याला कोणी हात लावला नाही. तसा योगायोगच असेल, पण माझ्या लक्षात राहिला.

तेव्हापासून मी दोन गोष्टी करतो. हेडवर पोचल्यावर जॅकच्या मागे जाऊन खाली वाकतो, दोन्ही बाजूंनी बघतो, मगच तोंड उघडतो. आणि शंका असेल तर ‘शंका आहे’ असंच सांगतो. ‘बहुतेक आपला’ हे वाक्य थर्डच्या तोंडी शोभत नाही. स्किपला तीनच गोष्टी हव्या असतात. किती वर की किती खाली, मागे कोणाचे बोल आणि कुठे, आणि कुठला हात मोकळा. एवढं सांगून हात दाखवायचा आणि स्थिर उभं राहायचं. तो काय करणार हे त्याचं. त्याचा बोल फसला तर तोंड वाकडं करू नकोस, इतक्या लांबून हेड नीट दिसत नाही पण थर्डचा चेहरा मात्र बरोबर दिसतो.

तुझा दुसरा मुद्दा, की ‘स्किप मला ड्राइव्ह मारूच देत नाही’. बरोबर करतो. बोल सोडताना एक प्रश्न विचारत जा: हा चुकला तर कुठे जाईल? आपण दहातले किती नेमके टाकतो हे मला माहीत आहे, तुलाही. मग नेम साधण्यापेक्षा चूक कुठे पडावी हे ठरवणं शहाणपणाचं. समज तुम्ही चारने खाली आहात. तू ड्राइव्ह मारलास आणि हुकलास तर चार तसेच राहतात. उलट दुसऱ्या जागेसाठी सरळ ड्रॉ टाकलास तर जॅकला न लागताही चाराचा एक होतो. चौघांच्या या खेळात, म्हणजे फोर्समध्ये, एका एंडला जास्तीत जास्त आठ गुण जाऊ शकतात. एकेका गुणाने पाच एंड हरलेला संघ तोंड वर करून चालत असतो, पण एका एंडला पाच दिले की चौघांच्याही खांद्यांवरून कळतं. खालचा आकडा लहान करणं यात टाळी नसते, म्हणून तरुण मुलांना ते आवडत नाही.

हाताचंही तेच. बॅकहँडने चुकलास तर बोल त्यांच्या मागच्या बोलांत जाऊन बसणार असेल आणि फोरहँडने चुकलास तर रिकाम्या गवतावर, तर बॅकहँड घे, मग तुझा फोरहँड कितीही लाडका असो. बेंडिगोला तुमची हिरवळ कोरड्या दिवसांत फास्ट होते, म्हणजे बोल सावकाश पोचतो आणि कमान रुंद घेतो. हे उलटं वाटतं, पण आहे असंच. सेकंद जास्त लागले की हिरवळ वेगवान. अशा दिवशी वाटेतल्या अडसरांना वळसा घालता येतो, म्हणून अडसरांवर बोल खर्चू नका. पावसानंतर जड झाली की कमान चिंचोळी होते आणि तोच अडसर भिंतीसारखा आडवा येतो.

खडूचं एक विसरू नको. जॅकला लागलेला बोल म्हणजे टचर, त्याच्यावर खडू ओढायचा, तो डिचमध्ये, म्हणजे हिरवळीच्या कडेच्या चरात, पडला तरी जिवंत. न लागलेला डिचमध्ये गेला की मेला. जॅक स्वतः रिंकच्या हद्दीत राहून डिचमध्ये गेला तर तो जिवंतच राहतो. त्यामुळे ड्राइव्ह मारणाऱ्या संघाविरुद्ध डिचच्या कडेला आलेला आपला बोल बघून कधी हसू नये. मागच्या महिन्यात आमच्या सेकंडचा असाच एक ‘वाया गेलेला’ बोल कडेला उभा होता, सगळ्यांनी चेष्टा केली. दहा मिनिटांनी जॅक त्याच्या पायाशी येऊन पडला.

तुझे बाबा अजून याला म्हाताऱ्यांचा खेळ म्हणतात ना? त्यांना दोन गोष्टी सांग. एक, डब्ल्यू. जी. ग्रेस, ज्यांची दाढी बाबांच्या क्रिकेटच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आहे, ते १९०३ साली स्थापन झालेल्या इंग्लिश बोलिंग असोसिएशनचे पहिले अध्यक्ष होते. दुसरी, २ ऑगस्ट २०२२. लेमिंग्टनला राष्ट्रकुल स्पर्धेचा महिला फोर्सचा अंतिम सामना. लवली चौबे लीड, पिंकी सेकंड, नयनमोनी सैकिया थर्ड, रूपा रानी तिर्की स्किप. इथे रात्र होती, तुझ्या मामीने ताट वाढून ठेवलं होतं आणि मी मोबाइलला चिकटून बसलो होतो. आपल्या मुली ८-२ने पुढे, आणि बघता बघता दक्षिण आफ्रिका १०-८. मी ताट पुढे ओढलं, म्हटलं आता बघवत नाही. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेला एकही गुण मिळाला नाही. १७-१०, सुवर्ण. या खेळातलं भारताचं ते पहिलं राष्ट्रकुल पदक. तू तेव्हा झोपला होतास, सकाळी मेसेज केलास, ‘मामा, लॉन बॉल म्हणजे काय?’ वर्तमानपत्रंही तसंच लिहितात. आपण क्लबात बोल म्हणतो आणि मराठीत त्यामुळे घोटाळा होतो. काल तू आईला ‘माझा बोल स्किपला आवडला नाही’ म्हणालास, तर तिने मला फोन करून विचारलं, हा पोरगा तिथे कोणाला काय बोलला!

तो सामना पुन्हा बघायला मिळाला तर बोलांकडे बघू नकोस, नयनमोनीकडे बघ. थर्ड हेडवर उभी असताना कुठे असते, कधी वाकते, स्किपला काय खुणावते. तुझी जागा ती आहे.

आणखी एक, हे सल्ला म्हणून नाही, मामा म्हणून. स्किपला उद्या फोन कर. माफी मागायची गरज नाही, बोल चांगलाच होता. फक्त विचार, की तिथे मागे तुला नेमका कुठे हवा होता. तो दहा मिनिटं सांगेल. इथल्या माणसांना कोणी विचारत नाही, म्हणून ती मान हलवतात.

बुधवारी सराव असेल तर जॅकपाशी बोल आणण्याचा नाद तासभर सोड. जॅकच्या मागे दोन मीटरवर रुमाल पसर आणि सगळे बोल रुमालावर आणायचा प्रयत्न कर, फोरहँडने चार, बॅकहँडने चार. कंटाळा येईल. मलाही यायचा.

पुढच्या शनिवारचा निकाल कळव. जिंकलात का हे नंतर सांगितलंस तरी चालेल. आधी हे सांग, शेवटच्या एंडला जॅकच्या मागे तुमचे किती होते.

मामी विचारते आहे, दिवाळीच्या फराळातली चकली उरली का. उरली असेल तर क्लबात ने, शंकरपाळे नको, हातांना तूप लागतं आणि बोल निसटतो.

तुझा
मामा