घरचा संगणक : बंद होण्याची आज्ञा आणि दारावरचा इशारा

गेल्या पावसाळ्यात आमच्या सुरतेच्या घरचा संगणक रोज रात्री साडेनऊ वाजता आपोआप बंद होऊ लागला. त्यावर शाळेतील काही मुलींचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे काम चालले होते व मुदत संपत आली होती. कोणी विजेस दोष दिला, कोणी व्हायरसला. आम्ही वर्गात सांगतो तेच केले : आधी निरीक्षण, मग निदान.

विंडोज आपली रोजनिशी ठेवते. तिचे नाव 'इव्हेंट व्ह्यूअर'. तीत 'विंडोज लॉग्ज' व त्याखाली 'सिस्टिम' उघडावे. १०७४ क्रमांकाची नोंद असेल, तर बंद होण्याची रीतसर आज्ञा कोणत्या प्रोग्रॅमने व कोणाच्या नावे दिली, हे तेथे कळते. ४१ किंवा ६००८ असेल, तर यंत्र अवचित बंद पडले. वीज, उष्णता वा यंत्रातील बिघाड पाहावा. आमच्याकडे रोज १०७४ होती. 'टास्क शेड्यूलर' उघडताच उलगडा झाला. विजेच्या बचतीसाठी चिरंजीवांनीच परीक्षेच्या दिवसांत ही आज्ञा लावली होती व ते विसरून गेले होते!

अशी उलटी मोजणी सुरू झालेली दिसली, तर विंडोजची कळ व आर एकत्र दाबावी. चौकटीत 'शटडाउन' हा इंग्रजी शब्द, एक जागा सोडून तिरकी रेघ व तिला लागून ए हे अक्षर लिहून एंटर दाबावे. मोजणी थांबते.

मात्र आज्ञा नेहमी घरच्याचीच असते असे नाही. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' नावाच्या किड्याने जगभरचे संगणक साठ सेकंदांची मोजणी दाखवून बंद करून पुन्हा सुरू करावयास लावले. दुरुस्ती जुलैमध्येच निघाली होती, पण अनेकांनी ती बसविली नव्हती. ज्यांची फायरवॉल चालू होती, त्यांच्या दारावरून हा किडा परत गेला. पुढे २००४ पासून विंडोज एक्सपीच्या सुधारित आवृत्तीत फायरवॉल मुळातच चालू ठेवण्यात आली.

आमच्या शहराचा कोट गेला, सहारा दरवाजा व लाल दरवाजा ही नावे उरली. फायरवॉल म्हणजे असाच पहारेकरी. एखादा प्रोग्रॅम बाहेरून येणाऱ्यास दार उघडू पाहतो, तेव्हा ती आपल्याला विचारते. इशाऱ्यात त्या प्रोग्रॅमचे व तो बनविणाऱ्याचे नाव असते. ओळख पटली तर परवानगी द्यावी, तीही घरच्या जाळ्यापुरती. ओळख नसेल, तर 'कॅन्सल' करावे.

खोटा पहारेकरीही असतो. शेजारच्या चाचांच्या पडद्यावर 'संगणक धोक्यात आहे, या क्रमांकावर फोन करा' असा इशारा झळकला. त्यांनी फोन केला. पलीकडच्या गृहस्थाने संगणक दुरून चालविण्याचा प्रोग्रॅम उतरवून घ्यावयास सांगितले. नातवाने वेळीच इंटरनेटची तार काढली, म्हणून पेन्शनचे खाते वाचले. विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात फोन क्रमांक कधीच नसतो. असा इशारा दिसल्यास ब्राउझर बंद करावा. पैसे गेलेच असतील, तर तत्काळ १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे.

मुलींचे अर्ज मुदतीत गेले. तात्पर्य, यंत्र बंद झाले तर 'आज्ञा कोणाची?' आणि इशारा आला तर 'दारात कोण?' हे दोन प्रश्न आधी विचारावेत. बोट त्यानंतर उचलावे.