मुतखड्याचे प्रकार व त्यांपासून बचाव

धाराशिव जिल्हा पर्जन्यछायेच्या पट्ट्यांत मोडतो. चैत्र-वैशाखांत येथें पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि नेमकीं त्याच दिवसांत नांगरट, धसकटें वेंचणें, हरळी-कुंदा खणून काढणें हीं कष्टाचीं कामें असतात. अंगांतील पाणी घामावाटे निघून जातें, लघवी थोडी व दाट होते. मुतखड्याचें मूळ बहुधा या दाट लघवींत असतें; म्हणून त्याचा विचार शेतकीच्या मासिकांत करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

खडा कसा धरतो.— मूत्रपिंडें रक्तांतील क्षार व मळ पाण्यांत विरघळवून बाहेर टाकतात. पाणी कमी पडलें कीं, दाट पाकांत खडीसाखर धरावी त्याप्रमाणें क्षारांचे कण धरतात व एकमेकांस चिकटून खडा होतो. तो मूत्रपिंडांत असेतों पुष्कळदां कळत नाहीं. नळींत उतरला म्हणजे कुशींतून जांघेकडे जाणारी असह्य कळ उठते.

प्रकार.— सुश्रुताचार्यांनीं अश्मरीचे वात, पित्त, कफ व शुक्र यांवरून चार प्रकार सांगितले. आजचे वैद्यक खडा कोणत्या द्रव्याचा आहे यावरून भेद करतें.

(१) कॅल्शियमचा खडा.— शंभरांत सुमारें ऐंशी खडे या जातीचे; त्यांतील बहुतेक ऑक्झलेटचे व कांहीं फॉस्फेटचे.

(२) युरिक आम्लाचा खडा.— लघवी आम्लधर्मी असणारांस, विशेषतः स्थूल व मधुमेही माणसांस आणि फार मांस खाणारांस होतो. साध्या क्ष-किरणचित्रांत तो दिसत नाहीं. परंतु औषधानें विरघळूं शकतो.

(३) जंतुजन्य खडा.— मूत्रमार्गांत वारंवार जंतु शिरल्यानें होतो व स्त्रियांत अधिक आढळतो. तो झपाट्यानें वाढून मूत्रपिंडांत सांबराच्या शिंगासारखा पसरतो.

(४) सिस्टिनचा खडा.— हा विरळा. आनुवंशिक दोषानें लहान वयापासून होतो.

प्रकार कळल्यावांचून पुढील उपाय नीट ठरत नाहीं. यास्तव पडलेला खडा फेंकून न देतां तपासण्यास द्यावा.

दूध सोडूं नये.— खडा चुन्याचा म्हणून दूध-दहीं वर्ज्य करण्याची चाल आहे. ती चुकीची होय. अन्नांतील कॅल्शियम आंतड्यांतच ऑक्झलेटास धरून ठेवतें व तें शौचावाटे जातें. इटलींतील डॉक्टरांनीं २००२ सालीं १२० रोग्यांवरील पांच वर्षांचा प्रयोग प्रसिद्ध केला. कॅल्शियम कमी केलेल्या ६० जणांपैकीं २३ जणांस पुन्हां खडा झाला. कॅल्शियम नेहमींप्रमाणें ठेवून मीठ व मांस कमी केलेल्या ६० जणांपैकीं १२ जणांसच झाला. पालक, चुका, राजगिऱ्याचा पाला यांत ऑक्झलेट पुष्कळ असतें. परंतु आपल्याकडील ताकांतल्या पालकाची रीति या दृष्टीनें शहाणपणाचीच आहे. आवरावयाचें तें मीठ. तें जास्त झालें कीं लघवींतून कॅल्शियम अधिक जातें. लोणचें, पापड, खारट ठेचा धरून दिवसास ५ ग्रॅमपर्यंत, म्हणजे चहाचा एक चमचा, मीठ पुरे.

पाणी.— सर्व प्रकारांस लागू पडणारा उपाय हाच. इटलींतच १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, एकदां खडा झालेल्या लोकांपैकीं भरपूर पाणी पिणाऱ्या ९९ जणांत पांच वर्षांत १२ जणांस, व न पिणाऱ्या १०० जणांत २७ जणांस तो उलटला. दिवसास दोन ते अडीच लिटर लघवी व्हावी इतकें पाणी प्यावें. उन्हांत राबणारास त्यासाठीं चार लिटर किंवा त्याहूनही अधिक लागतें. लघवीचा रंग वाळल्या गवतासारखा फिका असावा. हळदीसारखा गडद झाला कीं पाणी कमी पडलें असें समजावें. लिंबूपाणी हितकर, कारण त्यांतील सायट्रेट खडा धरूं देत नाहीं. विंधनविहिरीच्या पाण्यानें भांड्यांस पांढरा थर धरतो म्हणून भिऊन पाणी कमी पिणें हें मात्र उलट घातक. हुलग्याचा काढा घ्यावयाचा तर घ्यावा, परंतु तो पाण्याच्या व उपचाराच्या जागीं नव्हे. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाची दुर्बलता असणारांनीं पाण्याचें प्रमाण डॉक्टरांस विचारून ठरवावें.

शेतावरची सोय.— मजूर स्त्रिया आडोसा नसल्यामुळें दिवसभर पाणी पीत नाहींत व लघवी दाबून ठेवतात. त्यानें लघवी दाट होते व जंतूंसही वाव मिळतो. जमीनधारकानें झाडाखालीं झांकलेला रांजण, काम करणाऱ्या प्रत्येकास तासातासानें पाणी पिण्याची मोकळीक आणि बांधाकडेस गोणपाटाचा आडोसा एवढें केलें तरी पुष्कळ दुखणीं टळतील. हा खर्च एका दिवसाच्या मजुरीहून फारसा अधिक नाहीं.

विलंब केव्हां करूं नये.— ५ मिलिमीटरहून लहान खडे बहुधा आपोआप पडतात. परंतु कळेबरोबर थंडी-ताप आला, लघवी बंद झाली, उलट्या थांबेनात, किंवा रोग्यास एकच मूत्रपिंड असेल, तर काढ्यांत वेळ न दवडतां त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. अडलेल्या लघवींत जंतु वाढल्यास मूत्रपिंड, प्रसंगीं प्राणही जातो.