जुन्या संगणकातील ई-टपाल



दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरचा जुना संगणक खाली येतो आणि भंगारवाल्याची आठवण होते. त्याला बोलावण्यापूर्वी त्या संगणकात घरची पत्रे आहेत का, एवढे पाहावे अशी आमची विनंती आहे.

२००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीबरोबर आउटलुक एक्सप्रेस हा टपालाचा प्रोग्राम मिळत असे. त्यात खाते बहुधा पॉप पद्धतीने जोडलेले असे. पत्र घरच्या संगणकात उतरले की, वेगळी सूचना दिलेली नसल्यास, सर्व्हरवरील प्रत पुसली जाई. म्हणजे परदेशी शिकायला गेलेल्या काकांनी आजीला लिहिलेले पत्र किंवा माजी विश्वस्तांचा शाळेच्या कामाचा पत्रव्यवहार आज फक्त त्या डब्यातच असू शकतो. (ब्राउझरमधून वापरलेल्या खात्यांची पत्रे मात्र त्या त्या कंपनीकडे असत, ती इथे शोधू नयेत.)

संगणक सुरू करा, पण इंटरनेटला जोडू नका. ८ एप्रिल २०१४ नंतर मायक्रोसॉफ्टने एक्सपीची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती थांबवली आहे.

पत्रांचा फोल्डर लपवलेला असतो, म्हणून नुसते शोधून तो सापडत नाही. आउटलुक एक्सप्रेसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, मेंटेनन्स असे जाऊन 'स्टोअर फोल्डर' हे बटण दाबा. चौकटीत भलामोठा पत्ता दिसेल. तो पूर्ण निवडून कॉपी करा, प्रोग्राम बंद करा आणि स्टार्टमधील 'रन'मध्ये चिकटवा. फोल्डर उघडेल. आत डीबीएक्स नावाच्या फाइली दिसतील: आलेल्या पत्रांची एक, पाठवलेल्यांची एक, अशा. पत्रासोबतचे फोटोही त्यांच्यातच असतात. निवडानिवड न करता सगळा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. पेनड्राइव्ह ३२ जीबीपर्यंतचा बरा. त्याहून मोठे बहुधा अशा मांडणीचे येतात की जुनी एक्सपी ते वाचत नाही. पत्त्यांची वही वेगळी असते. ती फाइल, एक्स्पोर्ट, अ‍ॅड्रेस बुक येथून काढावी.

एवढ्यावर थांबू नये. डीबीएक्स फाइल आजचे प्रोग्राम सहसा थेट उघडत नाहीत. म्हणून महत्त्वाची पत्रे निवडून माउसने ओढून डेस्कटॉपवरील एखाद्या रिकाम्या फोल्डरमध्ये सोडा. प्रत्येक पत्राची स्वतंत्र ईएमएल फाइल होते आणि ती थंडरबर्डसारख्या मोफत प्रोग्राममध्ये आजही उघडते. हे काम मुलांनी आजी-आजोबांना शेजारी बसवून करावे. कोणते पत्र महत्त्वाचे, ते त्यांनाच ठाऊक.

मराठी पत्रांची एक निराळी अडचण आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेकजण शिवाजीसारख्या फाँटमध्ये लिहीत. तो फाँट नसेल तर पत्राच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि फाइल बिघडली असे वाटून लोक ती पुसून टाकतात. विंडोजमधील 'फाँट्स' फोल्डरमधून तो फाँटही सोबत घ्या.

जुनी प्रत सीडीवर असेल, तर संगणकात उतरवलेल्या फाइली 'रीड ओन्ली' राहतात आणि आउटलुक एक्सप्रेस त्या उघडत नाही. फाइलीच्या प्रॉपर्टीजमधील ती खूण काढावी.

प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून दोन-चार पत्रे वाचून पाहा, आणि मगच डबा भंगारात द्या. हार्ड डिस्क मात्र काढून घरीच ठेवा.